सामूहिक लेखनातील उपद्रव आणि प्रचालकाचा विवेक

१

एखादा ग्रंथ अनेक हातांनी लिहिला जातो, तेव्हा त्याच्या गुणवत्तेचा प्रश्न केवळ लिहिणाऱ्यांच्या व्यासंगापुरता राहत नाही. लिहिणाऱ्यांपैकी जे बिघडवतात त्यांचे काय करावयाचे, हाही त्याच प्रश्नाचा भाग होतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा असा ग्रंथ आहे. त्यात आज नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत, त्याला एक लेखक नाही, प्रमुख संपादक नाही, आणि कोणीही वाचक कोणत्याही क्षणी त्याचा लेखक होऊ शकतो. मराठीच्या अभ्यासकांनी या ग्रंथाकडे संशयास्पद संदर्भसाधन म्हणून पाहिले आहे. लेखनसंस्था म्हणून मात्र त्याचा विचार फारसा झालेला नाही. त्या संस्थेच्या एका अंगाचा, म्हणजे उपद्रवी लेखकांना आवरण्याच्या व्यवहाराचा, विचार येथे करावयाचा आहे.

या समूहाने आपली परिभाषा मराठीतच घडवली, ही गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. सार्वजनिक चर्चेची जागा म्हणजे 'चावडी', सरावाची जागा म्हणजे 'धूळपाटी', ठराविक कामे आपोआप उरकणारा आज्ञाधारक कार्यक्रम म्हणजे 'सांगकाम्या', आणि व्यवस्था राखणारा सदस्य म्हणजे 'प्रचालक'. जाणूनबुजून केलेल्या नासधुशीला 'उत्पात' हा शब्द रूढ झाला. प्रचालकाची निवड सदस्यांच्या संमतीने होते. तो पान संपादनासाठी बंद करू शकतो, पान वगळू शकतो आणि एखाद्या सदस्याला काही काळ किंवा कायमचे लिहिण्यापासून अडवू शकतो. मात्र आशयावर त्याचा अधिकार इतर कोणाहून अधिक नाही. तो संपादक नव्हे. फार तर चावडीवरचा कोतवाल म्हणता येईल. परंतु ज्या चावडीवर माणसेच मोजकी, तेथे कोतवाल, पंच आणि फिर्यादी या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे येण्याचा धोका असतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख या धोक्याकडे आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे आहे : उपद्रवी लेखकाला अडवणे ही शिस्तीची कृती असली तरी तिचे समर्थन हे लेखनकृत्य असते. ज्या समूहात ते समर्थन सकारण, मराठीत आणि सर्वांना वाचता येईल असे लिहिले जात नाही, तेथे उपद्रव आवरला जात नाही. तो फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जातो.

२

परक्या हाताने ग्रंथ बिघडण्याची चिंता मराठीला नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी इशारा जोडला. या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा त्याचा आशय. आजच्या परिभाषेत ही 'सुरक्षित पाना'ची पाटीच होय. तिचे वैशिष्ट्य असे की ती लपवलेली नाही. शुद्धी कोणी केली, केव्हा केली आणि का केली, हे ग्रंथाच्याच पोटात सांगितलेले आहे.

महानुभावांनी याच चिंतेवर वेगळा उपाय केला. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बद्ध केले. ग्रंथ पंथाच्या कक्षेत राहिले, परंतु मराठी गद्याचा हा आरंभकालीन ठेवा विसाव्या शतकाच्या प्रारंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा करीपर्यंत बाहेरच्या वाचकाला जवळजवळ अज्ञात राहिला. उपद्रवापासून संपूर्ण संरक्षण मिळवावयाचे तर वाचकापासूनही संरक्षण मिळते, हा त्यातला धडा आहे. दार लावून घेणे हा सर्वांत सोपा उपाय असतो आणि त्याची किंमत पुढच्या पिढ्या मोजतात.

मुद्रणाच्या काळात हा प्रश्न संपादकाच्या मेजावर आला. भाऊ महाजन म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे यांनी १८४१ मध्ये मुंबईत 'प्रभाकर' सुरू केले. १८४८ पासून 'लोकहितवादी' या टोपणनावाने त्यात येऊ लागलेली पत्रे तत्कालीन प्रतिष्ठित वाचकाला उपद्रवाखेरीज दुसरे काही वाटण्याचे कारण नव्हते. लेखक नाव लपवून लिहितो, एकच मुद्दा पुनःपुन्हा मांडतो, आणि ज्या समाजाचा तो घटक आहे त्याच्यावरच कोरडे ओढतो. आजच्या एखाद्या घाईच्या प्रचालकाच्या कसोट्या लावल्या असत्या तर गोपाळ हरि देशमुखांची 'शतपत्रे' दहाव्या पत्रापूर्वीच बंद पडली असती. भाऊ महाजनांनी ती छापली. पत्र लिहिणारा त्रासदायक आहे की पत्रातील विचार त्रासदायक आहे, हा भेद त्यांच्या छापण्याच्या कृतीत अनुस्यूत आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १८८५ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेला न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाचारण केले. फुल्यांनी येण्यास नकार देणारे पत्र लिहिले आणि ते 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. सभेच्या दृष्टीने हा असहकार होता. पण त्या सभेतील भाषणे व ठराव आज विशेषज्ञांनाच ठाऊक आहेत, आणि नकाराचे पत्र मराठी साहित्याच्या समाजशास्त्राचा आरंभबिंदू म्हणून शिकवले जाते. समूहाशी न जुळणाऱ्या माणसाने समूहाविषयी जे म्हटले ते नोंदीत राहिले, म्हणून हे शक्य झाले.

या चार उदाहरणांतून एक भेद हाती लागतो. संहितेचे रक्षण आवश्यक आहे. मात्र रक्षण उघड कारणांनी होते की मुक्या दाराने, आणि रोखले जाते ते कृत्याला की मताला, यावर त्या रक्षणाची योग्यता ठरते.

३

येथे कोणी म्हणेल की नियतकालिकाचे पान आणि सर्वांसाठी खुले पान यांची तुलना होऊ शकत नाही. ते खरे आहे, पण तुलना नियतकालिकापेक्षा सभेशी करून पाहावी. ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या दिवसांत डोंबिवलीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष डॉ. अक्षयकुमार काळे होते, यजमान आगरी यूथ फोरम ही संस्था होती आणि संमेलनस्थळाला डोंबिवलीकर पु. भा. भावे यांचे नाव दिले होते. हेच भावे १९७७ च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष होते आणि तेथे त्यांच्या विचारांना तीव्र विरोध झाला होता. अध्यक्षाच्या बोलण्याच्या अधिकाराची बाजू घ्यावी की विरोधकांच्या आक्षेपाची, यावर मतभेद राहतील. प्रस्तुत संदर्भात महत्त्वाचे आहे ते सभेचे स्वरूप. मांडवात वेळ एकच असतो आणि ध्वनिक्षेपकही एकच. एकाने तो व्यापला की दुसऱ्याचे बोलणे नाहीसे होते, आणि जे बोललेच गेले नाही ते नंतर परत आणता येत नाही. म्हणून सभेत गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढण्याची निकड असते.

विकिपीडियाच्या पानाचे तसे नाही. तेथे प्रत्येक बदलाची आवृत्ती 'इतिहासा'त जपलेली असते. कोणी, केव्हा, कोणते अक्षर बदलले हे कोणालाही पाहता येते, आणि एका कळीने मागची आवृत्ती परत आणता येते. कोणी संपूर्ण लेख पुसून टाकला तरी तो खऱ्या अर्थाने पुसला जात नाही. यावरून निष्पन्न होते ते असे की सभेतील निकड येथे नाही. जेथे नुकसान उलटवता येते, तेथे माणसाला हाकलण्याची घाई समर्थनीय नसते. खुल्या पानावरील प्रचालकाला सभेच्या व्यवस्थापकाहून अधिक धीर धरता येतो, आणि म्हणून त्याच्याकडून अधिक धीराची अपेक्षा करणे न्याय्य आहे.

४

उपद्रव हा एकजिनसी नसतो. शिव्या लिहिणारा, मजकूर पुसणारा, चाचणी म्हणून अक्षरे बडवणारा हा पहिला प्रकार. हा संख्येने मोठा पण तत्त्वतः क्षुल्लक असतो. बदल उलटवला, एकदोनदा समज दिली, की प्रश्न संपतो. दुसरा प्रकार जाहिरातदाराचा. आपल्या शिकवणीवर्गाचे, गृहसंकुलाचे किंवा वॉर्डातील नेत्याचे गुणगान लेखाच्या रूपाने मांडणारा हा लेखक बहुधा नम्र असतो, पण चिकट असतो. तिसरा अतिउत्साही माणसाचा. तो यंत्राकडून भाषांतर करवून शेकडो लेख ओततो. हेतू सेवेचा असतो आणि परिणाम इतरांनी वर्षानुवर्षे निस्तरण्याचा. चौथा प्रकार आग्रही लेखकाचा. त्याला विषयाचे ज्ञान असते, मराठी लिहिता येते, आणि तो मागे हटत नाही. प्रचालकाच्या विवेकाची कसोटी लागते ती या चौथ्यापाशी.

उदाहरणादाखल डोंबिवली या शहरावरील लेखाची कल्पना करू. एक लेखक शहराला सुशिक्षितांची सांस्कृतिक नगरी म्हणेल. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, ग्रंथालये, व्याख्यानमाला यांचे दाखले तो देईल, आणि ते खरे असतील. दुसरा लेखक पहिल्याच परिच्छेदात औद्योगिक वसाहत आणील. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी तेथील रासायनिक कारखान्यांत झालेले प्राणघातक स्फोट तो लिहील, आणि तेही खरे असतील. तिसरा विचारील की चाकरमानी येण्यापूर्वी येथे जी आगरी-कोळी गावे होती ती लेखाच्या तळाशी एका ओळीत का. महापालिकेत येण्याजाण्यावरून ज्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला त्या सत्तावीस गावांचे नाव लेखात कोठे आहे? समजा, तिघेही परस्परांचे लेखन दिवसातून चार वेळा उलटवू लागले. 'अलीकडील बदल' पाहणाऱ्या प्रचालकाला तिघेही सारखेच उपद्रवी दिसतील. पण येथे उत्पात करणारा एकही नाही. येथे एका शहराचे तीन इतिहास एका परिच्छेदासाठी भांडत आहेत. शेवटी बोलणाऱ्याला अडवले तर वाद मिटल्यासारखा दिसेल, पण लेख मात्र आधी आलेल्याचा होईल.

अशा प्रसंगासाठी इंग्रजी विकिपीडियाने एक साधा नियम केला आहे. चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा कोणी दुसऱ्याचे लेखन उलटवू नये. त्याची बाजू खरी असली तरीही. या नियमाची खुबी अशी की तो कोण बरोबर हे विचारीत नाही. हात थांबवतो आणि तोंड उघडे ठेवतो. हाताचे काम थांबले की चर्चापानावर युक्तिवाद करावाच लागतो. मराठीतील लहान समूहाला याहून मोठ्या यंत्रणेची गरज क्वचितच पडेल.

५

मराठीत मात्र एक अडचण अशी आहे की जी इंग्रजीत उद्भवतच नाही. ती म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'तटस्थ दृष्टिकोन' हे विकिपीडियाचे पायाभूत तत्त्व इंग्रजी वाक्यात पाळता येते, कारण तेथील तृतीयपुरुषी सर्वनामाला आदराची पायरी नाही. मराठी वाक्याला ती टाळता येत नाही. 'तो लढला' म्हणावे की 'ते लढले', हे क्रियापद लिहितानाच ठरवावे लागते. 'त्याचा जन्म झाला' आणि 'त्यांचा जन्म झाला' यांपैकी तटस्थ कोणते, याला व्याकरणात उत्तर नाही.

परंपरेतही एकवाक्यता नाही. जुन्या इतिहासलेखनात राजपुरुषांचा उल्लेख सर्रास एकवचनी आहे आणि त्यात अनादर नव्हता. समीक्षेत आपण आजही 'तुकाराम म्हणतो' असे लिहितो, पण त्याच निबंधात आधुनिक कवी 'म्हणतात'. जनाबाई 'म्हणते' आणि विसाव्या शतकातील कवयित्री 'म्हणतात'. भक्तीतील एकवचन जवळिकीचे, इतिहासातील एकवचन पद्धतीचे, आणि समाजव्यवहारातील एकवचन पुष्कळदा जातीचे, वर्गाचे व वयाचे. या तिन्ही एकवचनांचे रूप एकच असल्यामुळे वाचकाला कोणते बोचेल हे सांगता येत नाही.

अशा स्थितीत एखादा अनामिक सदस्य येतो आणि एका लेखातील दोनशे 'तो' काढून 'ते' करतो. प्रचालकाच्या नजरेला हा ठोक बदल उपद्रवासारखा दिसतो आणि तो उलटवला जातो. सदस्य पुन्हा बदलतो, पुन्हा उलटवले जाते, आणि तिसऱ्या फेरीत सदस्याला अडवले जाते. नोंदीत कारण येते, 'विघातक संपादन'. वस्तुतः त्या सदस्याने मराठी भाषेतील एक अनिर्णित प्रश्न उपस्थित केलेला असतो. युक्तिवाद करता न आल्यामुळे तो त्याने कृतीने उपस्थित केला, एवढेच. उलट, जो आपल्या समाजाच्या पुरुषाला 'ते' आणि दुसऱ्या समाजाच्या पुरुषाला 'तो' करीत लेखामागून लेख फिरतो, त्याचे काम शांतपणे चालते म्हणून नजरेतून निसटते. पहिल्याला शिक्षा आणि दुसऱ्याला अभय, असा उफराटा न्याय होऊ शकतो.

यातून एक तत्त्व मांडता येते. संकेत ठरण्यापूर्वीचा हट्ट हा प्रस्ताव असतो. संकेत ठरल्यानंतरचा हट्ट हा उपद्रव असतो. प्रचालकाने स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न 'हा माणूस त्रास देतो का?' हा नसून 'या बाबतीत आपला लिखित संकेत आहे का?' हा आहे. संकेत नसेल तर पान काही दिवस आहे त्या स्थितीत थांबवावे, चावडीवर चर्चा मांडावी, निर्णय कारणांसह लिहावा आणि मगच त्याच्या पालनाची अपेक्षा करावी. शुद्धलेखनाच्या बाबतीत साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि वर्णमालेच्या बाबतीत राज्य शासनाचा नोव्हेंबर २००९ चा निर्णय यांचा आधार घेता येतो. आदरार्थी बहुवचनाच्या बाबतीत मात्र प्रत्येक कोशाने, प्रत्येक नियतकालिकाने आपापल्यापुरते धोरण ठेवले. तो भार अखेर एका विनावेतन स्वयंसेवकाच्या खांद्यावर येऊन पडला आहे.

६

मग खरा उपद्रवी ओळखावा कसा? याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी नियमावल्याच चाळल्या पाहिजेत असे नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होते ती चर्चा 'वाद', जिंकण्यासाठी होतो तो 'जल्प', आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही 'वितंडा'. सामूहिक ग्रंथाला वाद हवा असतो, जल्प सोसता येतो, वितंडा मात्र मारक ठरते. चर्चापानावर कितीही आक्रमक बोलणारा, पण आपला पक्ष आणि त्याचा आधार सांगणारा लेखक हा जल्पक आहे. त्याला समज द्यावी. ज्याला लेख कसा असावा हे सांगावयाचेच नाही, कोणीही लिहिलेले टिकू द्यावयाचे नाही, तो वितंडवादी. त्याच्या बाबतीत प्रचालकाने संकोच बाळगू नये.

त्याच सूत्रांत बावीस 'निग्रहस्थाने' दिली आहेत. वादी जेथे पोहोचला की चर्चा त्याच्या विरुद्ध संपली असे मानावे, अशा त्या जागा. तेच ते पुन्हा म्हणणे, विषय सोडून भलतेच बोलणे, निरर्थक बोलणे, उत्तर न सुचणे या त्यांतील काही. लक्षणीय बाब अशी की निग्रहस्थाने बहुतांशी माणूस काय मानतो याविषयी नसून तो चर्चेत कसा वागतो याविषयी आहेत. प्रचालकाने दिलेल्या प्रत्येक कारणाला ही कसोटी लावावी. 'अमुक मताचा प्रचार करतो' हे कारण अपुरे आहे. 'तीन सदस्यांनी आधार मागूनही न देता तोच मजकूर पाच वेळा घातला' हे कारण पुरेसे आहे, कारण ते कोणालाही इतिहासात जाऊन पडताळता येते.

पडताळता येण्यावर भर देण्याचे आणखी एक कारण आहे. प्रत्येक जुन्या समूहात अलिखित नियम साचत जातात. डोंबिवलीकराला हे गाडीच्या डब्यातून चांगले ठाऊक आहे. कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत आधी चढून जागा धरून परत येणारे, आपल्या गटासाठी आसने राखणारे, आणि डोंबिवलीच्या फलाटावर दाराशी झुंजणारे यांच्यात जो अलिखित कायदा चालतो तो नवख्याला कोणी सांगत नाही. तो मोडल्यावरच त्याला कळतो, आणि तेव्हा तो 'भांडखोर' ठरलेला असतो. खुल्या ग्रंथाचे दार उघडे असले तरी आतला कायदा अलिखित असेल, तर ते दार उघडे आहे असे म्हणता येत नाही.

येथे एक तांत्रिक बाबही लक्षात घेतली पाहिजे. अंकपत्ता अडवणे म्हणजे नेहमीच एक माणूस अडवणे नव्हे. महाविद्यालयाचा किंवा भ्रमणध्वनी कंपनीचा एक अंकपत्ता अनेकांच्या वाट्याला येतो. एका खोडसाळ विद्यार्थ्यासाठी घातलेली दीर्घ बंदी त्या महाविद्यालयातील पहिल्यांदाच लिहू पाहणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला लागू शकते, आणि तो कारण न विचारता निघून जातो. जो आलाच नाही त्याची नोंद कोणत्याही इतिहासात राहत नाही.

७

आतापर्यंतचे विवेचन प्रचालक सद्हेतूने वागतो असे गृहीत धरून झाले. परंतु लहान भाषांच्या अनुभवातून दिसते की काही वेळा उपद्रव प्रचालकपदावरच बसलेला असतो. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांच्या गटाने सुमारे दशकभर राष्ट्रवादी विपर्यासाला आश्रय दिला आणि आक्षेप घेणाऱ्यांना उपद्रवी ठरवून अडवले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठानाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात आहे. वरवर पाहता तेथे शिस्त उत्तम होती. नियमांचे शब्द वापरले जात होते. पण अडवणारा, आरोप करणारा आणि अपील ऐकणारा एकच होता.

स्कॉट्स भाषेचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. ती भाषा नीट न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने तेथे हजारो लेख लिहिले, तो प्रचालकही झाला, आणि हे २०२० मध्ये उघडकीस येईपर्यंत कोणी त्याला थांबवले नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. उणीव होती ती भाषा जाणणाऱ्यांच्या अनुपस्थितीची. क्रोएशियनमध्ये जाणकारांना घालवून दिले गेले आणि स्कॉट्समध्ये जाणकार आलेच नाहीत. दोन्हींचा परिणाम एकच झाला : त्या भाषेतील ज्ञानग्रंथ त्या भाषेचा राहिला नाही.

समूहाने आपला न्याय आपण केला नाही, किंवा केलेला न्याय बाहेरच्यांना समजेल असा मांडला नाही, तर तिसरी शक्ती येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया प्रतिष्ठानाला नोटीस दिली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हा नोंदविला. मजकुराच्या योग्यायोग्यतेचा विचार हा इतिहाससंशोधकांचा विषय असून तो येथे करावयाचा नाही. मात्र त्या वेळच्या सार्वजनिक चर्चेत लेख कोण लिहितो, आधार कोठे दिलेला असतो, आक्षेप कोठे नोंदवावयाचा, याविषयी विलक्षण अज्ञान दिसले. चर्चापान नावाची जागा असते आणि तेथे कोणालाही आधारासह म्हणणे मांडता येते, हे सुशिक्षित मराठी वाचकालाही ठाऊक नव्हते. चावडी असूनही लोक थेट चौकीवर जातात, तेव्हा दोष केवळ लोकांचा नसतो. चावडीने आपली ओळख करून दिलेली नसते.

८

या भूमिकेवर घेतला जाईल असा मुख्य आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रचालक विनावेतन काम करतात, संख्येने थोडे आहेत, आणि प्रत्येक कारवाईची कारणमीमांसा लिहीत बसले तर मूळ लेखन कोणी करावयाचे? आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या प्रकारच्या उत्पातासाठी एका शब्दाची नोंद पुरते, आणि तेथे कारणे मागणे हा वितंडेचाच प्रकार होईल. पण आग्रही लेखकाला अडवताना लिहिलेल्या दहा ओळी पुढच्या दहा भांडणांना उत्तर देतात. न्यायालयात निकालपत्राचे जे स्थान, तेच येथे या टिपणाचे. एकदा लिहिलेले कारण पूर्वनिर्णय होतो, आणि पूर्वनिर्णयांतून नियमावली तयार होते. कारण न लिहिणारा प्रचालक वेळ वाचवत नाही; तो उसना घेतो.

दुसरा आक्षेप असा की एवढ्या सौम्यतेने उपद्रवी सोकावतील. येथे सौम्यतेची मागणी नसून क्रमाची आहे. आधी कृत्य उलटवावे, मग समज द्यावी, मग पान थांबवावे, मग मुदतीची बंदी घालावी आणि अखेरीस कायमची. प्रत्येक पायरीवर कारण असावे, आणि ज्या लेखाच्या वादात प्रचालक स्वतः पक्षकार आहे तेथे त्याने दुसऱ्या प्रचालकाला पाचारण करावे. इंग्रजीसारख्या मोठ्या विकिपीडियांना निवडून आलेले लवाद मंडळ असते. मराठीला ते नाही. म्हणून पक्षकाराने न्यायाधीश होऊ नये हा एकच संयम येथे मंडळाची उणीव काही अंशी भरून काढू शकतो.

या सर्वांत विद्यापीठीय मराठी विभागांचा संबंध कोठे येतो, असे विचारले जाईल. तो दोन ठिकाणी येतो. लेखनसंकेत, आदरार्थी रूपे, परिभाषा, विशेषनामांचे लेखन या ज्या बाबींवरून लेखक उपद्रवी ठरवले जातात, त्या आपल्या अभ्यासविषयातल्या आहेत. त्यांवर सकारण टिपणे लिहून ती चावडीवर ठेवणे हे आपल्या आवाक्यातले काम आहे. शिवाय ही चर्चापाने म्हणजे आजच्या मराठीतील वादविवादाचा प्रचंड, दिनांकित आणि कोणालाही खुला असलेला दस्तऐवज आहे. भाऊ महाजनांनी कोणती पत्रे नाकारली हे आपल्याला कळणे कठीण आहे. येथे एरवी नाकारलेले शब्दही जपलेले आहेत. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हे वाद वाचून कोण कोणत्या कारणाने अडवला गेला याची छाननी केली, तर समकालीन मराठी समाजाच्या सहिष्णुतेविषयी आपल्याला पुष्कळ कळेल.

मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा गतकाळाच्या ग्रंथांसाठी मिळतो. आजचा ग्रंथ आज लिहिणाऱ्या थोड्या माणसांवर उभा आहे. ती माणसे इतकी थोडी आहेत की त्यांतील एक भांडखोर पण जाणता लेखक कायमचा निघून जाणे हे इंग्रजीला परवडते, मराठीला नाही. त्याला कधी अडवावेच लागेल. परंतु अडवताना त्याच्या नावापुढे जे कारण लिहिले जाईल ते त्याला स्वतःला वाचता यावे, त्याच्या प्रतिपक्षाला पटावे आणि वीस वर्षांनी आलेल्या अनोळखी अभ्यासकाला पडताळता यावे. एवढे साधले तर तो अडवलेला माणूसही त्या ग्रंथाच्या इतिहासात राहतो, आणि त्याला परत येण्याची वाट उरते.